मदत हवी आहे: इंजिन म्हणतं राजा सी७ला न्या, पण का ते सांगत नाही

सातारची_आई

नमस्कार मंडळी, आधीच सांगून टाकते की मला बुद्धिबळ फार येत नाही, घोडा अडीच घर जातो आणि उंट तिरका इतपतच. लेक अकरा वर्षांची आहे, दोन वर्षं क्लासला जाते, गेल्या रविवारी स्पर्धेत शेवटच्या फेरीत हरली आणि तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे.

डावात हत्ती मारामारी होऊन प्याद्यांचं एंडिंग आलं, मग बाकीची प्यादीही गेली आणि शेवटी पटावर एवढंच उरलं: पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं डी४, काळा राजा सी६, काळं प्यादं डी५. चाल काळ्याची, आणि काळी म्हणजे आमची. तिने राजा डी७ला नेला आणि हरली.

घरी येऊन फोनवर डाव टाकला तर स्टॉकफिश (बुद्धिबळ खेळणारं इंजिन) म्हणतं की तोवर ०.०० होतं, म्हणजे बरोबरी, डी७ला दोन लाल प्रश्नचिन्हं, आणि बरोबर चाल काय तर राजा सी७. आता तिचं म्हणणं असं की प्यादं तर जाणारच होतं, मग सरांनी शिकवलंय तसं राजा प्याद्याच्या समोर नेऊन उभा केला, यात चुकलं काय? सी७ तर अजून बाजूला आहे. मला याचं उत्तर देता येत नाही, इंजिन नुसते आकडे दाखवतं, आणि सर पुढच्या आठवड्यापर्यंत गावाला गेलेत.

तर प्रश्न दोन. एक, असली एंडिंग इंजिनवर नेमकी कशी तपासायची की पोरीला कारण कळेल, नुसतं उत्तर नाही. दोन, त्यासाठी वेगळं विकतचं सॉफ्टवेअर किंवा भारी लॅपटॉप लागतो का? आमच्याकडे फोन आणि एक जुना लॅपटॉप आहे.

अडीच_घर

ताई डेप्थ वाढवा, म्हणजे इंजिन किती चाली पुढचं बघतं तो आकडा. फोनवर बायडिफॉल्ट कमी असते, ४०च्या पुढे नेली की क्लिअर दिसेल सगळं.

सातारची_आई

नेली हो दादा. ४५ला नेली. आकडा तोच, फोन मात्र इस्त्रीसारखा तापला.

उंटावरचा_शहाणा

इथे डेप्थचा काही संबंध नाही, चारच मोहरी आहेत, इंजिनला पहिल्या सेकंदात सगळं दिसतंय. अडचण अशी की तुम्ही इंजिनला "कुठली चाल" एवढंच विचारताय. प्याद्यांच्या एंडिंगला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: हीच पोझिशन, पण चाल दुसऱ्याची असती तर?

लेकीला शेजारी बसवा आणि असं करा. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर बोर्ड एडिटर उघडा, फुकट आहे. तिची पोझिशन नाही लावायची, त्याच्या एक पाऊल पुढची लावायची, म्हणजे पांढऱ्याने प्यादं खाल्ल्यानंतरची. पांढरा राजा डी५, पांढरं प्यादं डी४, काळा राजा डी७. आधी पांढऱ्याची चाल द्या आणि इंजिन चालू करा. ०.०० येईल. आता मोहरी जराही न हलवता फक्त चाल काळ्याची करा. पांढरा जिंकतोय.

पट तोच आणि निकाल वेगळा. यात ज्याची चाल तो अडकतो. काळ्याची चाल असेल तर त्याला डी७वरून बाजूला व्हावंच लागतं, तो ई७ला गेला की पांढरा सी६ला घुसतो, सी७ला गेला की ई६ला. सी६, डी६, ई६ यातल्या एका घरात पांढरा राजा शिरला की डी४चं प्यादं वजीर झालंच समजा. पांढऱ्याची चाल असेल तर त्यालाच डी५ सोडावं लागतं आणि काळा समोरासमोर येत राहतो.

आता मूळ पोझिशनला परत या. तुमची लेक डी७ला गेली, पांढऱ्याने प्यादं खाल्लं, आणि तिला हवं होतं तेच चित्र पटावर आलं, फक्त चाल तिच्यावर आली. सी७ला गेली असती तर पांढरा खातो, मग ती डी७ला येते, चित्र तेच आणि चाल पांढऱ्याची. म्हणजे घर बरोबर होतं, ती तिथे एक चाल लवकर पोचली. सरांचा नियम चुकीचा नाहीये, फक्त समोर कधी जायचं ते त्यात नाही.

पांढऱ्याने सी७नंतर खाल्लंच नाही आणि ई६ला आला तर? मग परत सी६ला यायचं, प्यादं राखायचं. तो ई५ला आला की परत सी७. हे ती स्वतः इंजिनसमोर खेळून बघू दे, तिने काळी घ्यायची, इंजिनला पांढरी द्यायची.

आणि सेटिंगमधे एकाच वेळी पाच ओळी दिसतील असं करा. काळ्याकडे तिथे बरोब्बर पाचच चाली आहेत (बी५, बी६, बी७, सी७, डी७), एक बरोबरीची आणि चार हरायच्या. नुसती पहिली ओळ बघून हे कळत नाही, "एकच चाल वाचवते" हे कळणं महत्त्वाचं, कारण मग त्या एकीत काय वेगळं आहे हे शोधावंसं वाटतं.

खडूस_आजोबा

फोन ठेवा बाजूला आणि लाकडी पट मांडा. आमच्या वेळी इंजिन नव्हतं तरी ही एंडिंगं शिकलोच ना.

असो. मुलीला हेही दाखवा. प्यादी तीच, डी४ आणि डी५. पांढरा राजा ई५लाच, पण काळा राजा सी६ऐवजी सी४ला ठेवा. आता ज्याची चाल तो हरला, मग पांढरा असो की काळा. दोघेही आपापल्या प्याद्याला चिकटून बसलेत आणि ज्याला हलावं लागेल त्याचं प्यादं गेलं. पण इथे प्यादं जाणं म्हणजे डाव जाणं, कारण हरणाऱ्याचा राजा प्याद्याच्या मागे राहतो, समोर येऊच शकत नाही. तिच्या डावात राजा समोर येऊ शकत होता म्हणून प्यादं गेलं तरी बरोबरी होती. याला ट्रेबुशे म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

सातारची_आई

बापरे, उंटावरचा_शहाणा तुम्ही नावाला अजिबात जागला नाहीत, एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. "एक चाल लवकर पोचली" हे वाचून लेक दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली हे सरांनी सांगायला पाहिजे होतं.

आता पुढची शंका. लिचेसवर मोहरी कमी झाल्यावर टेबलबेस म्हणून एक चौकट येते. तिथे हरणाऱ्या चारही चालींपुढे डीटीझेड १ असं काहीतरी होतं. म्हणजे एका चालीत मात? असं कसं? आणि हत्ती गेल्या गेल्या, म्हणजे बरीच प्यादी होती तेव्हा, इंजिन कधी अधिक ०.७ कधी ०.२ असं फिरत होतं, त्यातलं खरं काय धरायचं?

उंटावरचा_शहाणा

टेबलबेस म्हणजे कमी मोहऱ्यांच्या पोझिशनचे निकाल आधीच मोजून ठेवलेला साठा. त्यातलं डीटीझेड म्हणजे मात नव्हे. प्यादं हलेपर्यंत किंवा काहीतरी मारलं जाईपर्यंत किती चाली, तो आकडा. पन्नास चालींच्या नियमात या दोन गोष्टींनी मोजणी परत शून्यावर येते, म्हणून टेबलबेसवाले तेवढंच मोजतात. तिथे पांढरा लगेच डी५ खातो म्हणून १. यामुळेच टेबलबेस जिंकताना कधीकधी चमत्कारिक खेळतं, प्यादं उगाच आधी ढकलतं किंवा देऊनही टाकतं, माणूस तसं खेळणार नाही. त्यामुळे टेबलबेसकडून फक्त जीत, हार, बरोबरी एवढंच घ्या, कशी जिंकायची ते त्याच्याकडून शिकू नका.

डाउनलोड वगैरे काही करायची गरज नाही. लिचेसवर सात मोहऱ्यांपर्यंतची सिझिजी नावाची टेबलबेस ऑनलाइन बघता येतात, राजे धरून सात. स्वतःकडे ठेवायची हौस असेल तर पाच मोहऱ्यांपर्यंतची साधारण १ जीबी आहेत, सहाची १५०च्या आसपास, आणि सातची १७-१८ टीबी, म्हणजे तो नाद सोडा.

सातच्या वर असेल तर इंजिनच. आणि तिथे ०.७ला फार अर्थ नाही. प्याद्यांच्या एंडिंगला शेवटी तीनच निकाल, त्यामुळे अधेमधे लोंबकळणारा आकडा म्हणजे इंजिनने अजून शेवटपर्यंत बघितलेलं नाही एवढंच. तसंही स्टॉकफिश १५.१ पासून, म्हणजे २०२२च्या शेवटापासून, १.०० म्हणजे एक प्यादं असं राहिलेलं नाही, जिंकायची शक्यता साधारण निम्मी असेल तिथे १.०० येईल असं ते बसवलंय. अशा वेळी मी काय करतो, इंजिन चालू ठेवून ओळीच्या शेवटापर्यंत स्वतः चाली करत जातो, सात मोहरी उरली की टेबलबेस काय म्हणतं बघतो, आणि मग एकेक पाऊल मागे येतो. मागे येताना आकडा बदललेला दिसतो, कारण पुढचं बघितलेलं इंजिनच्या मेमरीत राहिलेलं असतं.

अडीच_घर

पण मी ऐकलंय की झुगझ्वांगमधे (चाल करावी लागणं हेच जिथे नुकसान) इंजिनं गंडतात, नल मूव्हमुळे. ते?

उंटावरचा_शहाणा

अर्धं बरोबर. नल मूव्ह म्हणजे "मी चाल सोडून दिली तरी माझं चांगलंच आहे ना" असं तपासून फांद्या छाटणं. पण झुगझ्वांगमधे चाल सोडायला मिळाली तर सोनंच, म्हणून तिथे हा हिशोब उलटा पडतो. स्टॉकफिश यासाठी ज्याची चाल आहे त्याच्याकडे राजा आणि प्यादीच असतील तर नल मूव्ह वापरतच नाही. त्यामुळे शुद्ध प्याद्यांच्या एंडिंगला ती भीती नाही.

तुला गंमत बघायची असेल तर ही लाव. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. चाल पांढऱ्याची. लास्कर आणि रायखेल्मची १९०१ची पोझिशन, संगणकवाले हिला फाईन ७० म्हणतात. नऊ मोहरी, म्हणजे टेबलबेसच्या बाहेर. जिंकणारी चाल राजा बी१, फक्त तीच. सरळ बी२ला गेलास तर काळा ए८ला जातो आणि बरोबरी. माणसाला यात घरांच्या जोड्या लावाव्या लागतात, पांढरा इथे तर काळा तिथेच. इंजिन जोड्या लावत नाही, राजे वेगवेगळ्या वाटांनी फिरून त्याच त्या घरांवर येतात म्हणून आधी बघितलेली पोझिशन हॅश टेबलमधून उचलतं आणि त्यामुळे ढिगाने खोल जातं. सेटिंगमधे मेमरी कमीजास्त करून बघ.

खडूस_आजोबा

बी१ का हे इंजिनला विचारा की मग.

उंटावरचा_शहाणा

आजोबा तेच तर वर लिहिलंय. काळा राजा एकेका घरात ठेवून, चाल आलटून पालटून, कागदावर आपणच जोड्या लिहायच्या. इंजिन तपासायला ठेवायचं.

सातारची_आई

तुमची ती नऊ मोहऱ्यांची माझ्या डोक्यावरून गेली, पण लेकीने वहीत उतरवून घेतलीय.

आज तिने स्वतःच एक उद्योग केला. तिचीच पोझिशन सगळी एक ओळ वर सरकवली, पांढरा राजा ई६, प्यादं डी५, काळा राजा सी७, प्यादं डी६, आणि मला म्हणाली आता सी८ला मागे गेलं की झालं. इंजिनने हार दाखवली. पाचही चाली हार. मग रडकुंडीला आली की नियम परत चुकला. पण बोर्ड एडिटरमधे जाऊन तिनेच खाल्ल्यानंतरची पोझिशन लावली, राजा डी६, प्यादं डी५, काळा राजा डी८, आणि चाल दोन्हीकडे देऊन बघितली. दोन्हीकडे पांढराच जिंकतोय. हे बरोबर आहे का तेवढं सांगा, ती सरांना फोन करून सांगणार आहे.

उंटावरचा_शहाणा

बरोबर आहे. राजा सहाव्या ओळीवर आणि प्यादं त्याच्या मागे असेल तर चाल कुणाचीही असो. कडेची दोन प्यादी सोडून. ती ए च्या ओळीत लावून बघायला सांगा, सरांना फोन करायच्या आधी.