शब्दचर्चा : 'योग्य ती शिक्षा' म्हणजे नक्की कोणती?

पाटीपेन्सिल
मंडळी, मदत हवी आहे. मुलीच्या शाळेत (अनुदानित, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी) पालक-शिक्षक संघाने शिस्तीची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे. 'तुमचं मराठी चांगलं आहे' असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातलं गेलं. जुनी नियमावली दीड पानांची आहे आणि जवळजवळ प्रत्येक कलमाचा शेवट एकच : '...असे आढळल्यास योग्य ती शिक्षा करण्यात येईल.' कुठेकुठे बदल म्हणून 'कडक कारवाई'.

माझे प्रश्न. 'डिसिप्लिन पॉलिसी'ला शिस्तधोरण म्हणावं, अनुशासन नीती की आणखी काही? 'शिक्षा' हा शब्दच काढून टाकावा असं काही पालकांचं म्हणणं आहे, त्यांना 'सुधारात्मक उपाययोजना' हवं आहे. आणि 'फेअर'ला काय म्हणायचं? न्याय्य लिहिलं की निम्मे लोक 'न्याय' वाचतात.

खडूफळा
ताई, नावापासून सुरुवात करू. 'शिस्तविषयक नियम' एवढे पुरे. 'नीती' हिंदीच्या वाटेने आली आहे. आपल्याकडे पॉलिसीला धोरण म्हणतात, आणि शाळेच्या दीड पानाला धोरण म्हणणेही थोडे भारीच.

'शिस्त' मूळची आपल्याकडे नेमबाजीतून आली. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडीही. त्यावरून नेम, नेमावरून सरळ रेघ, रेघेवरून रांग आणि व्यवस्थितपणा असा प्रवास दिसतो. (अंगठे धरायला लावणाऱ्या जुन्या पंतोजींना ही व्युत्पत्ती ठाऊक असावी असा मला दाट संशय आहे.)

सांगायचा मुद्दा असा की शिस्त 'लागते', 'लावतात', 'असते', 'मोडते'. ती 'करता' येत नाही. 'शिस्तभंगाची कारवाई' हा शब्दप्रयोग सरकारी नोकरांसाठी तयार झाला. तो पाचवीतल्या पोराला लावला की त्याने डबा आधीच खाल्ला होता की फाइल गहाळ केली होती, तेच कळेनासे होते.

तळटीप
'नीती'बरोबर 'अनुशासन'ही एवढ्या सहज हिंदीच्या खाती टाकू नका. तैत्तिरीय उपनिषदाचा पहिला भाग शीक्षावल्ली. तिथे 'शीक्षा' म्हणजे वर्ण, स्वर, मात्रा यांच्या उच्चाराचा अभ्यास. त्याच वल्लीत पुढे शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू 'सत्यं वद, धर्मं चर' सांगतो आणि हा सगळा निरोप 'एतदनुशासनम्' असा संपतो. म्हणजे शिक्षा आणि अनुशासन दोन्ही एकाच प्रकरणात, आणि दोन्हींत छडी नाही. उलट त्याच निरोपात गुरू म्हणतो की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच उचल, बाकीची नको. आजच्या किती नियमावल्यांत शिक्षकांबद्दल असं एखादं वाक्य सापडेल?

आणीबाणीत विनोबांच्या 'अनुशासन पर्व' या शब्दांचं काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. सरकारने ते आपल्या बाजूने वापरले. विनोबांनी नंतर उलगडून सांगितलं की अनुशासन आचार्यांचं, सत्ताधाऱ्यांचं ते शासन. फरक चांगला आहे, पण तोवर शब्दाला लागायचा तो डाग लागला होता. शाळेच्या कागदावर मीही 'शिस्त'च लिहीन.

जाता जाता : 'शासन' मराठीत शिक्षेलाही म्हणत. 'गुन्हेगाराला कडक शासन व्हावे' हे वाक्य अजून ऐकू येतं.

दुपारची शाळा
'शिक्षा'वरून. आम्ही शिक्षक प्रशिक्षणाला जायचो तेव्हा फलकावर 'सर्व शिक्षा अभियान' वाचून कुणीतरी हमखास म्हणायचं, "सर्वांना एकदमच?" नाव दिल्लीहून आलेलं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. २०१८ पासून ते 'समग्र शिक्षा' झालं, म्हणजे आता काही शिल्लकही राहायला नको. गंमत सोडा, २००९ च्या कायद्याच्या मराठी नावात मात्र नीट 'शिक्षणाचा हक्क' आहे. तिथे 'शिक्षेचा हक्क' झालं असतं तर काही सहकाऱ्यांनी आनंदाने अंमलबजावणी केली असती.

माझं मत : शब्द काढू नका. 'सुधारात्मक उपाययोजना' लिहिलं म्हणून वर्गाबाहेर दोन तास उभं राहणाऱ्या पोराचे पाय दुखायचे थांबत नाहीत. शिक्षा असेल तर तिला शिक्षा म्हणा, म्हणजे ती किती आणि कशासाठी हे विचारता येतं. उपाययोजनेला कोण जाब विचारणार?

तारीख पे तारीख
कायद्याची बाजू मांडतो, कारण इथे शब्द चुकला तर नियमच बेकायदा ठरतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १७ : बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई, मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. (खडूफळा सर, तो शब्द इथे बरोबर माणसाला लागतो.) कलम १६ : प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत फेरपरीक्षेनंतर मागे ठेवायची वाट उघडली, पण काढून टाकण्याची मनाई तशीच आहे. तेव्हा जुन्या नियमावलीत 'दाखला हातात दिला जाईल' असं सरसकट लिहिलेलं असेल तर ती ओळ आधी खोडा.

अडचण नववी-दहावीची. या कायद्यात 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षं वयाचं मूल. त्याच शाळेत, त्याच जिन्यावर, आठवीतल्या मुलाला कलम १७ चं छत्र आणि दहावीतल्याला नाही, असं शब्दशः वाचलं तर होतं. म्हणून नियमावलीत 'बालक' न लिहिता 'शाळेतील प्रत्येक विद्यार्थी' लिहा. एका शब्दाने भोक बुजतं. गोव्याने २००३ च्या बाल कायद्यात शाळांतल्या शारीरिक शिक्षेला आधीच बंदी घातली होती. दिल्लीत उच्च न्यायालयाने २००० साली छडीची मुभा देणारा नियम रद्द केला. त्यामुळे हे सगळं काल आलेलं खूळ आहे असं कुणी सभेत म्हणालं तर सांगायला बरं.

खडूफळा
दाखल्यावरून एक. 'निष्कासन' हा शब्द काही संस्था वापरतात. महापालिकेच्या 'अतिक्रमण निष्कासन' पथकामुळे तो वाचला की हातगाड्या डोळ्यांसमोर येतात. 'नाव काढून टाकणे' सरळ आहे आणि ऐकताना लागतेही. लागायलाच हवे.

तारीख पे तारीख
आणि 'निलंबन' त्याहून चुकीचं. नोकरीच्या नियमांत निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात निर्वाहभत्ताही मिळतो. शाळेत मात्र चौकशी शून्य, थेट 'तीन दिवस निलंबित', आणि भत्ता म्हणून घरी बोलणी. चौकशीआधीची व्यवस्था आणि चौकशीनंतरची शिक्षा यांना एकच शब्द लावला की चौकशी मधल्या मधे गळून पडते.

पाटीपेन्सिल
हे फार उपयोगी. जुन्या कागदात खरंच 'निलंबन' आहे आणि चौकशीबद्दल एक अक्षर नाही. मग मुलाला विचारायचं कसं लिहू? 'जबाब घेणे' लिहिलं होतं, पण मुलगी म्हणाली, "आई, पोलीस येणार का?"

तारीख पे तारीख
'म्हणणे' लिहा. आपल्या दिवाणी कोर्टांत रोज वापरतात, 'म्हणणे दाखल करणे'. 'विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कोणतीही शिक्षा ठरवली जाणार नाही.' नैसर्गिक न्यायाचं निम्मं तत्त्व या ओळीत आलं. उरलेलं निम्मं : ज्याच्याशी भांडण झालं त्यानेच निवाडा करायचा नाही.

वाळवणाचे पापड
मी शिक्षिका नाही, तीन मुलांची आई आहे. मला 'समज देणे' हा शब्द फार आवडतो. दुसऱ्या भाषांत माणसं धमकावतात, आपल्याकडे समज देतात. पण शाळेतून फोन येतो, "कडक समज दिलेली आहे," आणि पोराला विचारावं तर त्याला काहीच समजलेलं नसतं, फक्त आवाज आठवतो.

तळटीप
:) ताकीद, तंबी, समज हे तिघे शेजारी आहेत पण एक नाहीत. ताकीद अरबीतली, मूळ अर्थ पक्कं करणं, ठासून सांगणं. तंबीही अरबीच, 'तंबीह' म्हणजे सावध करणं, जागं करणं. मराठीत ताकीद आधी देता येते ('उशीर करू नका अशी ताकीद दिली'), तंबी बहुधा काहीतरी घडल्यावर मिळते, आणि समज देताना समोरच्याला चूक कळावी अशी अपेक्षा तरी असते. नियमावलीत पायऱ्या करायच्या असतील तर हे तीन शब्द आयते आहेत. फक्त प्रत्येकापुढे कोण देणार आणि लेखी की तोंडी हे लिहा. नाहीतर वर्गशिक्षकांची समज आणि मुख्याध्यापकांची तंबी यांत फरक फक्त खुर्चीचा राहतो.

डहाणू लोकल
सगळे शिक्षेच्या शब्दांवर बोलताय, गुन्ह्याचे शब्द कुणी बघितले का? 'उद्धटपणा', 'उलट बोलणे', 'बेशिस्त वर्तन', 'शाळेच्या प्रतिमेस बाधा'. खरा अन्याय इथे सुरू होतो. उशीर मोजता येतो, काच फुटली की नाही ते दिसतं. उद्धटपणा ऐकणाऱ्याच्या कानात असतो.

मी पाड्यांवर शिकवलं आहे. तिथली पोरं गुरुजींना सरळ 'तू' म्हणतात, कारण घरी आजोबांनाही 'तू'च म्हणतात. त्यांच्या बोलीत आदर अहो-जाहोत ठेवलेला नसतो. तीच पोरं आठवीनंतर तालुक्याच्या शाळेत गेली की पहिल्या आठवड्यात उद्धट ठरतात. 'तू कवा आलास?' विचारलं म्हणून वर्गाबाहेर. सर, तो मुलगा तुमची विचारपूस करत होता हो!

शहरातही तेच. 'का?' असं डॉक्टरांच्या मुलीने विचारलं की चौकस, रिक्षावाल्याच्या मुलाने विचारलं की आगाऊ. पाटीपेन्सिल, तुमच्या यादीतलं प्रत्येक विशेषण काढा आणि त्या जागी क्रियापद घाला. 'उद्धट वर्तन' नको. 'शिवी देणे', 'मारणे', 'धमकावणे', 'दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे' चालेल. क्रियापद होत नसेल तर तो नियम बहुतेक कुणाच्या तरी रागातून आलेला असतो.

दुपारची शाळा
डहाणू लोकल, निम्मं मान्य. पण चाळीस मिनिटांच्या तासात साठ मुलं सांभाळताना टवाळीला क्रियापद सापडत नाही. तिघं जण बाकं वाजवत नाहीत, बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघून हसतात आणि नवीन बाई रडकुंडीला येते. त्याला काय लिहाल?

डहाणू लोकल
'तास चालू देत नाही' असं लिहा. वाक्य साधं आहे आणि त्यात बाईंच्या मानापमानापेक्षा बाकीच्या सत्तावन्न मुलांचा तास महत्त्वाचा ठरतो. मात्र ते तिघे कोण हे शोधायचं. सगळ्या वर्गाला उठाबशा ही सुक्याबरोबर ओलं जाळायची पद्धत. शिवाय त्या कलम १७ मध्ये बसतात.

दुपारची शाळा
घेतलं. 'तास चालू न देणे'.

खडूफळा
'फेअर' राहून गेले. 'न्याय्य' व्याकरणाने बिनचूक आहे : न्याय्य गोष्ट असते, न्यायी माणूस असतो. पण दोन य बोलताना एकच होतो, ही ताईंची तक्रार खरी. 'समन्यायी' पाणीवाटपामुळे रुळला, तो वाटपापुरता ठीक. 'निःपक्षपाती' निवडणुकीचा. माझे मत 'रास्त'ला. 'रास्त भाव दुकान' या पाटीमुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकाला तो ठाऊक आहे, आणि फारसीत त्याचा अर्थच सरळ, योग्य. 'चुकीच्या मानाने रास्त शिक्षा' हे शिपायापासून संस्थाचालकापर्यंत सगळ्यांना कळेल.

तळटीप
रास्तला अनुमोदन. 'दंड' मात्र टाळा. मूळ अर्थ काठी, आज अर्थ पैसे, आणि दोन्ही शाळेत नकोत. उशिराचा वीस रुपये दंड एका घरी कळतही नाही, दुसऱ्या घरी त्यात भाजी येते. सरकारनेही १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आणली. आतला मजकूर किती बदलला हा वेगळा वाद, पण नावातून तरी काठी गेली.

आणि एक सुचवण : 'निस्तरणे'. 'ज्याने केले त्याने निस्तरावे' हे घरोघरी म्हणतात. भिंत रंगवली असेल तर पुसून द्यायची, वही फाडली असेल तर लिहून द्यायची. शिक्षा आणि निस्तरणं वेगळ्या स्तंभांत ठेवा. पुष्कळदा दुसरा स्तंभ भरला की पहिल्याची गरज उरत नाही.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचं घेऊन पहिला खर्डा करते आहे, ठोका :

'१. हे नियम शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला सारखेच लागू आहेत. २. मारणे, अंगठे धरायला लावणे, उठाबशा, उन्हात उभे करणे, चारचौघांत घालूनपाडून बोलणे, जात, घर किंवा गुणांवरून हिणवणे या गोष्टी कोणत्याही कारणाने केल्या जाणार नाहीत. ३. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा ठरणार नाही. ४. पहिल्या वेळी वर्गशिक्षक तोंडी समज देतील. दुसऱ्या वेळी लेखी ताकीद, तिची प्रत पालकांना. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक व पालक यांची बैठक, विद्यार्थ्यासमोर. ५. नुकसान झाले असल्यास विद्यार्थी ते निस्तरेल. पैशाचा दंड घेतला जाणार नाही. ६. शिक्षा चुकीच्या मानाने रास्त नाही असे वाटल्यास पालक सात दिवसांत लेखी कळवू शकतात.'

तारीख पे तारीख
सहावं अपुरं. कुणाला कळवायचं? मुख्याध्यापकांनीच शिक्षा दिली असेल तर त्यांच्याकडेच दाद मागायची का? आणि 'पालक किंवा विद्यार्थी' करा, नववीतल्या मुलीला स्वतः लिहिता येतं. चौथ्यात मारामारी, धमकी असल्या गोष्टींना पहिल्याच वेळी तिसरी पायरी लागेल असं एक वाक्य घाला, नाहीतर कुणीतरी दात पाडून 'माझी पहिलीच वेळ' म्हणेल.

वाळवणाचे पापड
दुसऱ्या कलमात 'माफीनामा सांगून लिहून घेणे' पण टाका हो. माझ्या मधल्याने फळ्यावरून उतरवून घेतला होता. सगळ्या वर्गाच्या माफीत तीच एक शुद्धलेखनाची चूक.

खडूफळा
आणि 'केल्या जाणार नाहीत' नको. कोण करणार नाही? 'शिक्षक व कर्मचारी करणार नाहीत' असे लिहा. 'योग्य ती शिक्षा करण्यात येईल' मध्ये जो कर्ता लपला होता, तोच इथे पुन्हा लपतो आहे.

पाटीपेन्सिल
दुरुस्त केलं. सहाव्यात 'पालक-शिक्षक संघाच्या तीन जणांच्या समितीकडे, ज्यात शिक्षा देणारी व्यक्ती नसेल' असं घालते. शनिवारी सभा आहे. 'रास्त'वर कुणी रेशनचा विनोद केला तर खडूफळा सरांकडे पाठवीन.