मदत हवी आहे: सिझेरियनचं बाळ, अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिकच्या कुप्या

कोवळं_ऊन:
मंडळी, लेक सव्वा महिन्याची आहे. छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं, वजन २.३ किलो. श्वास जोरात चालत होता म्हणून काचेत ठेवलं, संसर्गाची शंका म्हणून शिरेतून अँटिबायोटिक दिलं. कल्चर (जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी) निगेटिव्ह आल्यावर ते बंद केलं. मला दूध उतरेपर्यंत पावडरचं दूधही दिलं गेलं. आता पूर्ण अंगावर पिते, वजन वाढतंय, शी पिवळी, पातळ, आंबूस वासाची. बाळाची तक्रार काहीच नाही, पण माझ्या डोक्याला भुंगा लागलाय.

जिथे वाचावं तिथे सिझेरियन, अँटिबायोटिक आणि वरचं दूध या तिन्ही गोष्टी पोटातल्या चांगल्या जंतूंच्या मुळावर उठलेल्या. पुढे म्हणे दमा, अ‍ॅलर्जी, एक्झिमा. मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे जास्तच धसका. मावसबहिणीने प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगले जिवंत जंतू असलेल्या, कुप्या पाठवल्यात, "ओडिशात सिद्ध झालंय" म्हणाली. डॉक्टर "गरज नाही" एवढंच बोलले. बाहेर रांग होती, पुढे विचारता आलं नाही. इकडे आईने सहाण धुऊन ठेवली आहे. गुटी मधात चाटवायची म्हणते.

तर कुप्या द्याव्यात का? अँटिबायोटिकने झालेलं नुकसान भरून निघतं का? आणि आईला काय सांगू?

पेट्री_डिश:
अभिनंदन ताई! मी डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेवढ्यापुरतं सांगते.

ओडिशाचा अभ्यास खरा आहे आणि मोठाही. २०१७ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. खेड्यांतली साडेचार हजारांवर नवजात बाळं, सगळी अंगावर पिणारी. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जंतूची एक ठरावीक स्ट्रेन (उपप्रकार) आणि सोबत त्या जंतूचं खाद्य असलेली साखर, असं आठवडाभर दिलं. सुरुवात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच. सेप्सिस (अंगभर पसरणारा गंभीर संसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. पण तिथे प्रश्न पहिल्या दोन महिन्यांतल्या सेप्सिसचा होता. दम्याचं उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय प्रोबायोटिक म्हणजे काही एकच औषध नव्हे. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनचे गुणसुद्धा सारखे नसतात. तुमच्या कुपीवर नेमकं काय लिहिलंय?

आता नुकसानीचं. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांच्या शीचे नमुने तपासले होते, २०१९ मध्ये निकाल आले. सिझेरियनच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइड्स हे आतड्यातले नेहमीचे जंतू कमी आणि रुग्णालयात आढळणारे जंतू जास्त, हे दिसलं. पण वर्ष व्हायच्या आत बहुतेक फरक पुसट झाला, बॅक्टेरॉइड्स तेवढे मागे राहिले. या फरकामुळे अमुक बाळाला दमा होईल, असं कुणी सांगू शकत नाही. उगाच घाबरवणारे लेख इथे फार मोठी उडी मारतात.

तुमच्या हातात जे आहे ते मात्र भक्कम आहे. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरिया या पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी असतात, जणू डब्यात वेगळा कप्पा करून पाठवलेल्या. त्या खाऊन हे जंतू आम्ल तयार करतात. तुम्ही लिहिलेला आंबूस वास बहुधा त्याचाच. २०२१ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी दाखवलं, की या साखरी पचवणारे बायफिडो ज्या बाळांत नव्हते त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या. हे जंतू इंडोल-लॅक्टिक नावाचं आम्ल बनवतात आणि अ‍ॅलर्जीकडे झुकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना आवरतात. खुणा म्हणजे आजार नव्हे, हे लक्षात असू द्या. पण अंगावर पाजताय म्हणजे त्या जंतूंना रोज जेवण मिळतंय.

सहाणखोड:
आईबद्दल मी बोलते, मी स्वतः आजी आहे. मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटभरही नको. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच एवढी गर्दी असते की ते रुजत नाहीत. तान्ह्याच्या पोटात जागा मोकळी. बाळ मलूल पडतं, चोखायची ताकद जाते, शी होत नाही. आईला हेच कारण सांगा, पटेल. गुटीसुद्धा सहा महिने देऊ नका. वेखंडाचे वळसे कुणी किती घ्यायचे याला घराघरांत मेळ नसतो, आणि पाणी कुठलं हा प्रश्न आहेच. तेल लावणं, न्हाऊ घालणं तिच्यावर सोपवा, म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत.

निशाचर_बाबा:
आमची जुळी २९ आठवड्यांची. एक गोष्ट नोंदवतो. कमी दिवसांच्या बाळांना आतड्याचा गंभीर आजार होऊ नये म्हणून काही ठिकाणी प्रोबायोटिक देतात. पण २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) अशा बाळांबाबत इशारा दिला, कारण एका बाळाच्या रक्तात दिलेलाच जंतू सापडला आणि ते दगावलं. तुमची लेक तितकी अपुऱ्या दिवसांची नाही. तरी नातेवाइकांकडून आलेलं काही डॉक्टरांना न दाखवता देऊ नका.

कोवळं_ऊन:
कुपीवर फक्त 'बॅसिलस क्लॉसी' लिहिलंय.

पेट्री_डिश:
मग ओडिशाशी काही संबंध नाही. ते सहसा जुलाबात देतात. तुमच्या बाळाला जुलाब नाहीत.

कोवळं_ऊन:
कुप्या कपाटात गेल्या. सहाणखोड आजी, आईला मधाचं पटलं, गुटीवर अजून रुसवा आहे. आता दीड महिन्याच्या लसी आहेत. बाळ लवकर झालं म्हणून पुढे ढकलायच्या का? आणि रोटाव्हायरसचे थेंब असतात, त्याआधी दूध पाजलं तर चालतं ना?

सहाणखोड:
पाजून न्या, चालतं. लसी जन्मतारखेप्रमाणेच, ढकलायच्या नाहीत. आणि या वेळी प्रश्न कागदावर लिहून न्या, रांग असली तरी.