विषय: ग्रंथपेटी – कॉम्प्युटरची पुस्तकं काढायची की ठेवायची?

ग्रंथपेटी समिती
नमस्कार मंडळी, खालचा खण शनिवारच्या आत रिकामा करायचाय. २०१९ च्या आधीची मुलांची कॉम्प्युटरची सगळी पुस्तकं काढतोय. हरकत असेल तर आजच कळवा.

कोडिंग वर्ग
हरकत आहे. छपाईचं साल कशाला बघता, आतलं पान उघडा. स्क्रॅच, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा: तिच्या पुस्तकात स्टेज (चित्रं हलतात ती चौकट) डावीकडे दिसला तर ते २.० आवृत्तीचं. ३.० जानेवारी २०१९ मध्ये आलं आणि स्टेज उजवीकडे गेला. पण ब्लॉक बहुतेक तेच आहेत. मुलं अडतात ती पेनपाशी, म्हणजे रेघा काढणाऱ्या ब्लॉकपाशी. पुस्तक म्हणतं यादीतून पेन निवडा, आणि यादीत पेन नसतोच. तो आता एक्स्टेन्शनमध्ये (वेगळ्या जोडायच्या संचात) आहे: खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबून जोडावा लागतो. संगीताचंही तेच. एवढी चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत चिकटवली की काम झालं. २.० मध्ये केलेल्या जुन्या एसबी२ फायली ३.० मध्ये उघडतात, सेव्ह मात्र एसबी३ म्हणून होतात.

जुने सभासद
ताई, स्टेजवरून फसाल. २.० च्या आधीच्या १.४ मध्येही तो उजवीकडेच होता. क्लोनचे (पात्राची नक्कल करणारे) ब्लॉक शोधा. ते २.० पासून, म्हणजे २०१३ पासून आले. सबंध पुस्तकात क्लोन नाही आणि स्टेज उजवीकडे, तर १.४ चा दाट संशय घ्या.

पायथनवाले काका
स्क्रॅचचं ठीक आहे, पायथन २ च्या (लिहून प्रोग्राम करायच्या भाषेची जुनी आवृत्ती, आता ३ चालते) पुस्तकांना ही दया नको. प्रिंटला (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेला) कंस नाही, हा दोष निरुपद्रवी. पहिल्याच ओळीला एरर येते, मूल कंस घालून पुढे जातं. एरर न देता चुकतं ते वाईट. पायथन २ मध्ये इनपुट (कीबोर्डवर टाइप केलेलं घेणारी आज्ञा) आकडा द्यायचं, ३ मध्ये मजकूर देतं. 'मनातला आकडा ओळखा' हा खेळ जसाच्या तसा टाइप केला तर बरोबर आकडा दिला तरी तुलना कधीच जुळत नाही. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. इनपुटभोवती इंट (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) घातलं की सुटतं, पण हे त्याला कोण सांगणार? भागाकारही तसाच: ७ भागिले २ पुस्तकात ३, पडद्यावर ३.५. हाच ३.५ यादीतला क्रमांक म्हणून वापरला की चार ओळी खाली एरर येते आणि खापर भलत्याच ओळीवर फुटतं.

ग्रंथपेटी समिती
काका, सगळं मान्य. पण पानं कोण तपासणार? पुस्तक ठेवायचं की काढायचं हा निर्णय समितीचा आहे, वर्गाचा नाही, हे एकदा स्पष्ट असू द्या.

कोडिंग वर्ग
निर्णय तुमचाच. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची पुस्तकंही बघून ठेवा. 'पाय' नाव आणि 'रास्पबेरी' पासवर्ड टाका असं लिहिलेलं असेल तर एप्रिल २०२२ पासून ते लागू नाही, पहिल्यांदा सुरू करतानाच नाव-पासवर्ड आपण ठरवायचा. आणि त्याच्या पाय ५ या मॉडेलवर तारा जोडायच्या पिना वेगळ्या चिपमार्फत चालतात, त्यामुळे आरपीआय-जीपीआयओ लायब्ररीवरचे (पिना चालवणाऱ्या तयार कोडच्या संचावरचे) एलईडीचे धडे तिथे चालत नाहीत. जीपीआयओ-झिरो ही दुसरी लायब्ररी वापरलेलं पुस्तक असेल तर ठेवा.

एक पालक
पायथनचा विषय निघालाच आहे तर: व्हेरिएबलची (माहिती साठवायच्या कप्प्यांची) नावं मराठीत देता येतात का?

पायथनवाले काका
३ मध्ये येतात. 'गुण' चालतं. 'पायऱ्या' मात्र कीबोर्डवर अवलंबून: काही कीबोर्ड ऱ्य साठी मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, तिथे एरर येते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. कोडमध्ये थेट १२ असा देवनागरी आकडा लिहिला तर चालत नाही, पण मुलाने इनपुटला १२ टाइप केलं तर इंट तो बिनतक्रार घेतं.

जुने सभासद
आणि कॉम्प्युटरशिवाय शिकवणाऱ्या कागदी खेळांची पुस्तकं कुठल्याही सालची असोत, काढू नका. १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं कापून ० ते ३१ मोजायला व्हर्जन लागत नाही.

ग्रंथपेटी समिती
ठीक. पायथन २ बाहेर, बाकीच्यांना चिठ्ठी. वर्गाने मजकूर शुक्रवारपर्यंत द्यावा. डिंक आमच्याकडे आहे.