भावाच्या गेमिंग खात्यांत थोडे थोडे पैसे उरलेत, कुठे लावू?

सुरुबन, मालवण

नमस्कार मंडळी. भाऊ यंदा बारावी झाला, लवकरच पुढच्या शिक्षणाला रत्नागिरीला जाईल. त्याचा जुना फोन आता आईकडे, त्याला नवा घेतला. त्या निमित्ताने परवा रात्री दोघं बसून त्याची सगळी खाती तपासली. स्टीमच्या (संगणकावरच्या खेळांचं ऑनलाइन दुकान) वॉलेटमध्ये ८६ रुपये ४० पैसे, गूगल प्लेवर ९४ रुपये (त्यातले ३१ सर्वेक्षणांची उत्तरं देऊन मिळालेले), बीजीएमआयमध्ये (पबजी मोबाइलचा भारतातला अवतार) २२ यूसी, म्हणजे त्या खेळातली नाणी. शिवाय दप्तराच्या आतल्या कप्प्यात प्लेवर पैसे भरायच्या कोडची एक पावती सापडली. तो कोड टाकला होता की नाही, त्याला आठवत नाही. पावतीवरची छपाई अर्धी उडालीय.

रक्कम मोठी नाही. पण हे पैसे त्याने कमावलेले आहेत. मे महिन्यात तारकर्लीच्या एका होमस्टेवर तो कामाला जायचा. पर्यटकांनी वापरलेले स्नॉर्कलिंगचे मास्क गोड्या पाण्यात धुवायचे, पट्ट्यांमधली वाळू बोटाने काढायची आणि सावलीत वाळत घालायचे, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बोटांची कातडी सुरकुतलेली असायची. त्यातून वीस-पन्नास बाजूला काढून त्याने हे भरलेत आणि वहीत लिहूनही ठेवलेत. म्हणून असेच पडून राहावेत असं वाटत नाही.

हे पैसे बँकेत परत घेता येतात का? नसतील तर चांगला उपयोग काय? तो आता फारसा खेळत नाही.

खाडीकाठ, दाभोळ

ताई, आधी सरळ उत्तर: बँकेत परत येणार नाहीत. एकाच दुकानात चालणाऱ्या अशा प्रीपेड रकमेतून रोख काढता येत नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच तसं आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवताही येत नाही. स्टीमवर वॉलेटमध्ये भरलेले पैसे १४ दिवसांच्या आत परत मागता येतात, पण त्यातला एक रुपयाही खर्च झालेला नसेल तरच. तुमच्या बाबतीत ती वेळ गेलेली दिसते.

आता स्टीमच्या ८६ रुपयांबद्दल. बहुतेक पोरं इथेच चुकतात. खेळ १४९ चा असला की ‘पैसे कमी पडतात’ म्हणून वॉलेटमध्ये पुन्हा मोठी रक्कम भरतात. मग खेळ घेऊन पुन्हा काहीतरी उरतं, आणि ते संपवायला पुन्हा भरणा. भरण्याच्या रकमा ठरलेल्या असतात, खेळाच्या किमतीशी त्यांचा मेळ नसतो, म्हणून हे शेपूट कधी संपतच नाही. त्यापेक्षा पैसे देण्याच्या पानावर वॉलेटची शिल्लक आधी वापरायची आणि वरची रक्कम दुसऱ्या मार्गाने द्यायची. तशी सोय आहे. वॉलेट शून्यावर येतं आणि नवीन शेपूट उगवत नाही.

पण त्याला खरोखर हवा असलेला खेळ असेल तरच. स्टीमच्या वॉलेटला मुदत नसते, घाई करू नका. जूनच्या शेवटी उन्हाळी सेल लागतो, डिसेंबरच्या शेवटी हिवाळी. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. त्या दिवसांत मी आणि माझा पुतण्या वर्षभर विशलिस्टमध्ये (हव्या असलेल्या खेळांची यादी) टाकलेले खेळ बघतो आणि त्यातला एकच घेतो. जुने, चांगले खेळ तेव्हा शंभराच्या आत मिळतात.

अजून एक. घरात दुसऱ्या कुणाचं स्टीम खातं असेल तर स्टीम फॅमिलीज बघा. सहा जणांपर्यंत एकमेकांचे खेळ वापरता येतात. वॉलेट मात्र प्रत्येकाचं वेगळंच राहतं.

अबोली, वेंगुर्ला

माझं मत थोडं वेगळं. खेळायचंच नसेल तर खेळ कशाला घ्यायचा? स्टीमच्या कम्युनिटी मार्केटवर, जिथे खेळणारे आपसात वस्तू विकतात, खेळांची ट्रेडिंग कार्डं (जमवायची डिजिटल चित्रं) दोन-पाच रुपयांना मिळतात. एखाद्या खेळाचा अर्धवट राहिलेला संच पूर्ण करून प्रोफाइलवर लावायचा बॅज करायचा, ८६ रुपये बरोबर संपतात. माझ्या मुलीने तसंच केलं आणि तिला त्याचा आनंद झाला.

खाडीकाठ, दाभोळ

मुलीला आवडत असेल तर उत्तमच. फक्त तिथून परत विकून पैसे वाढतील, या आशेने कुणी उतरू नये. विक्रीवर साधारण १५ टक्के कटतात, ५ स्टीमचे आणि १० त्या खेळाचे. घेणाऱ्याने साडेअकरा दिले तर विकणाऱ्याला दहा मिळतात. आणि ते दहाही वॉलेटमध्येच जातात.

रापणकार, देवगड

ताई, ह्या वाचून माका लिवूकच होया. माझ्या भाच्याक असोच एक जण ऑनलाइन गावलो. तुझो बॅलन्स आमी घेतो, ऐंशी टक्के रोख देतो म्हणालो. पयले पंधरा रुपये खरेच इले. पोराचो विश्वास बसलो. मगे पासवर्ड मागल्यान, मगे ओटीपी मागल्यान. सकाळी पोरगो बघता तर खात्याचो ईमेलच बदललेलो. पाच वर्सांचे खेळ गेले.

हे नीट समजावं म्हणून पुढचं सरळ मराठीत लिहितो. उरलेला बॅलन्स रोख करून देणारा कुणीही असो, त्याच्याशी बोलूच नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की तुमच्या खात्यातून पैसे जाणार. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. आमचं खातं शेवटी परत मिळालं, कारण भाच्याने पहिल्या खरेदीची पावती ईमेलमध्ये ठेवली होती आणि तीच पुरावा म्हणून चालली. भावाला सांगा, त्या पावत्या पुसू नकोस.

माडाची_सावली, गुहागर

गूगल प्लेबद्दल मी सांगते, मोबाइलच्या दुकानात काम करते, रोज हेच प्रश्न येतात.

सर्वेक्षणांचे ३१ रुपये आधी बघा. गूगलच्या ऑपिनियन रिवॉर्ड्स या सर्वेक्षणांच्या अ‍ॅपचं क्रेडिट मिळाल्यापासून एका वर्षात संपतं. प्लेच्या पेमेंटच्या पानावर तारीख दिसते. तुमच्या सगळ्या रकमांत घाई करण्यासारखी हीच एक आहे.

पावतीचं म्हणाल तर तो कागद उष्णतेवर छापलेला असतो. आपल्याकडची दमट हवा, त्यात प्लास्टिकचा कप्पा, अक्षरं दोन पावसाळेही टिकत नाहीत. दिव्याखाली तिरपी धरून फोटो काढा आणि फोटोतला काळेपणा वाढवा, बरेचदा वाचता येतं. कोड आधी वापरलेला असेल तर टाकल्यावर तसा संदेश येतो. आणि यापुढे कोड घेतला की दुकानातच खात्यात टाकायचा, पावती घरी न्यायचीच नाही. मी गिऱ्हाइकाला समोर उभं करून टाकायला लावते.

९४ रुपयांत काय घ्यावं? प्लेवर अ‍ॅपची किमान किंमत २०१५ सालीच ५० वरून १० रुपयांवर आली, त्यामुळे छोट्या रकमेला तिथे बरंच काही असतं. प्ले बुक्सवर मराठी पुस्तकंही आहेत, आधी नमुन्याची पानं वाचून मग घ्या. पण माझा सल्ला असा: घरात रोज उघडलं जाणारं एखादं अ‍ॅप असेल, जाहिरातींनी वैताग आणणारं, तर त्याच्या जाहिराती काढून टाका. एकदाच भरायची रक्कम असेल तरच हं. दर महिन्याची वर्गणी घेऊ नका, नाहीतर शिल्लक संपली की पुढचे पैसे जोडलेल्या यूपीआयमधून जायला लागतील. आणि अ‍ॅपच्या आतून केलेली खरेदी ज्या खात्यावर केली त्याच खात्याची राहते. दुसऱ्याच्या फोनवर हवी असेल तर तिथे ते खातं जोडावं लागतं.

सुरुबन, मालवण

माडाची_सावली, तुमचं वाचताना एकदम डोळ्यांसमोर आलं. बाबा भरती-ओहोटीचं अ‍ॅप वापरतात. पहाटे साडेतीनला, होडी लोटायच्या आधी. उघडलं की अख्ख्या पडद्यावर जाहिरात येते आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की ओल्या अंगठ्याने लागतच नाही. बाबा फोन सदऱ्याला पुसतात, पुन्हा दाबतात, भलतंच काहीतरी उघडतं. हे मी कितीदा बघितलंय. भावाला आत्ताच विचारते.

होकायंत्र, रत्नागिरी

यूसीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २२ यूसीसाठी नवे यूसी अजिबात विकत घेऊ नका. सर्वात छोटं पाकीट ६० चं, म्हणजे पुन्हा खाडीकाठ म्हणाले तेच शेपूट. असू देत ते. पण फोन बदलताय तर खातं गेस्ट म्हणून, म्हणजे कशाशीही न जोडता, चालू नाही ना, हे आधी बघा. गेस्ट खातं त्या फोनलाच चिकटलेलं असतं, फोन रिसेट केला की गेलं. ईमेलशी जोडून घ्या.

खेळातल्या चलनात पैसे साठवू नयेत, हे मला मनापासून सांगायचंय. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइल बंद झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर गेला, त्याच जुलैत बीजीएमआय दुकानातून निघाला, तो २०२३ च्या मे महिन्यात परत आला. त्या दहा महिन्यांत माझ्या वर्गातली पोरं रोज विचारायची, सर, आमच्या यूसीचं काय? मी शाळेत शिकवतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉलेटमधल्या रुपयातून दुसरा खेळ घेता येतो, यूसीतून नाही. म्हणून पैसे ठेवायचेच असतील तर रुपयांत ठेवा, खेळाच्या नाण्यांत नको.

आणि पैसे लावून खेळायची अ‍ॅपं ही वेगळीच गोष्ट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून ती बंद केली. तिथे कुणाची जमा रक्कम अडकली असेल तर ती खर्च करायच्या वाटा शोधू नका, बँकेत परत मागा.

सुरुबन, मालवण

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

पावतीचा फोटो काढून अक्षरं वाचली, कोड टाकला. आधीच वापरलेला निघाला. भावाने वही उघडली तर त्या कोडची नोंद होती, म्हणजे ते पैसे ९४ मध्येच आलेले. वहीचा हिशेब बरोबर लागला म्हणून तो खूश.

यूसी तसेच ठेवले, खातं ईमेलशी जोडलं. स्टीमचे ८६ रुपये सेलपर्यंत राहतील. विशलिस्टमध्ये त्याने एकच खेळ ठेवलाय.

भरतीच्या अ‍ॅपच्या जाहिराती काढायला ८९ रुपये, एकदाच. बाबांच्या फोनवर भावाचं खातं जोडलं आणि तिथूनच खरेदी केली. त्याला मी दोनदा विचारलं, तुझे पैसे आहेत, चालेल ना? तो म्हणाला, ताई, पुढच्या वर्षी पहाटे फुली दाबून द्यायला मी इथे नसेन.

आज पहाटे बाबांनी अ‍ॅप उघडलं. जाहिरात आलीच नाही, तेव्हा त्यांना वाटलं नेट गेलं. मग भरतीची वेळ दिसली, तसा त्यांनी फोन माझ्याकडे वळवून दाखवला.

एकच विचारायचं राहिलं. बाबांच्या फोनवर भावाचं खातं ठेवलंय, तिथून चुकून काही खरेदी होणार नाही ना?

माडाची_सावली, गुहागर

होऊ शकते, ते आत्ताच बंद करा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे फोटोवर दाबा, सेटिंग्जमध्ये खरेदीच्या वेळी पडताळणीचा पर्याय आहे. तो प्रत्येक खरेदीला लागेल असा ठेवा. मग पासवर्डशिवाय किंवा बोटाच्या ठशाशिवाय एक रुपयाही जाणार नाही. ठसा कुणाचा नोंदवलाय तेही एकदा बघून घ्या.