तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर बंदूक हातात द्यावी का?

(अमेरिकेतल्या बंदूकविक्रीआधीच्या तपासणीवर नोंदवही, खटका आणि टेहळणी या टोपणनावांच्या तिघांचा वाद.)

नोंदवही

अमेरिकेत बंदूक ऑनलाइन मागवली की घरपोच येते, असं बऱ्याच जणांना वाटतं. दुकानदाराकडून घेतलेल्या नव्या बंदुकीचं तसं होत नाही. 1963 साली केनेडींवर झाडलेली रायफल शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसकट 19.95 डॉलर, टपालखर्च धरून 21.45, नाव खोटं, पत्ता डॅलसच्या पोस्ट बॉक्सचा. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने ही वाट बंद केली. आता पैसे कुठूनही भरा, खोकं परवानाधारक विक्रेत्याच्याच पत्त्यावर जातं. पाठवणारा आधी समोरच्याच्या परवान्याची प्रत मागवतो आणि तिचा क्रमांक पडताळून पाहतो. (दुरुस्तीला पाठवलेली बंदूक मालकाकडे थेट परत येते, तो अपवाद.)

म्हणजे सगळा भार शेवटच्या काउंटरवर येतो. गिऱ्हाईक फॉर्म 4473 (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरतं, विक्रेता ओळखपत्र बघतो आणि एनआयसीएसकडे, म्हणजे एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणी यंत्रणेकडे, विचारणा करतो. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, नाकारा, थांबा. ‘थांबा’ आलं आणि पुढचे तीन कामाचे दिवस काहीच कळलं नाही, तर संघराज्याच्या कायद्यानुसार विक्रेता बंदूक देऊ शकतो (गिऱ्हाईक 21 वर्षांखालचं नसेल तर). माझा आक्षेप नेमका या तरतुदीला आहे. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये 17 जून 2015 ला नऊ माणसं मारणाऱ्याने पिस्तूल असंच मिळवलं. 11 एप्रिलला, शनिवारी, अर्ज केला. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले आणि गुरुवारी 16 तारखेला पिस्तूल त्याच्या हातात पडलं. उत्तर येईपर्यंत बंदूक कपाटातच राहिली पाहिजे.

खटका

साफ असहमत. मुदत काढली तर ‘थांबा’ म्हणजेच ‘नाही’ होईल, आणि तेही कारण न देता. नकाराविरुद्ध अपील करता येतं, लांबणीविरुद्ध काय करणार? ‘थांबा’ बहुतेक वेळा दोन कारणांनी येतं. एक म्हणजे नामसाधर्म्य. दुसरं, जुनी अटक नोंदीत आहे, पण खटल्याचा निकाल कोर्टाकडून चढवलाच गेला नाही. दोन्हींत चूक नोंद ठेवणाऱ्याची आहे, आणि सरकारने वेळेत काम करावं म्हणूनच ही तपासणी आणणाऱ्या 1993 च्या ब्रेडी कायद्यात मुदत घातली होती.

चार्ल्सटनचं उदाहरण पुरतं सांगा. त्या हल्लेखोराच्या जुन्या अटकेच्या नोंदीत अटक करणारं खातं चुकीचं लिहिलेलं होतं. एफबीआयच्या तपासनीस बाईंनी नोंदीतल्या शेरिफ कार्यालयाला विचारलं, तिथून कोलंबिया पोलिसांकडे बोट दाखवण्यात आलं. पण बाईंजवळच्या त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीस खात्यांच्या यादीत वेस्ट कोलंबिया होतं, कोलंबिया नव्हतं. त्यांनी वेस्ट कोलंबियाला विचारलं, तिथे काहीच नव्हतं. मुदत तीस दिवस असती तरी यादी तीच राहिली असती.

आणि टेक्ससमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमधला हल्ला विसरू नका. 2017 च्या त्या हल्लेखोराला ‘थांबा’ आलंच नव्हतं. लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा हवाई दलाने कळवलीच नाही, म्हणून तपासणीत तो स्वच्छ ठरला. तिथे तुमची सुधारणा काय करणार होती?

नोंदवही

तिथे काहीच नाही, मान्य. सरकारी खात्यांनी नोंदी कळवाव्यात म्हणून 2018 चा फिक्स एनआयसीएस कायदा त्यासाठीच आला. पण चार्ल्सटनमध्ये धागा हाती लागला होता, फक्त ओढायला वेळ हवा होता. शिवाय तीन दिवसांनंतरही एफबीआय तपास चालू ठेवते. उशिरा नकार निघाला, तर दिलेली बंदूक परत आणायला एटीएफची (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्याच्या खात्याची) माणसं त्या माणसाच्या दारात जातात. त्यांच्या जिवाचा विचार करा. काउंटरवर नाही म्हणणं कितीतरी सोपं आहे.

नामसाधर्म्याला उपायही आहेत. 4473 वर सोशल सिक्युरिटी क्रमांक ऐच्छिक आहे, तो भरला तर गल्लत कमी होते. वारंवार अडकणाऱ्याने एफबीआयच्या स्वेच्छा अपील नोंदीत अर्ज करून स्वतःचा ओळख क्रमांक घ्यावा. पुढच्या फॉर्मवर तो लिहिला की तपासणाऱ्याला जुना उलगडा समोर दिसतो.

टेहळणी

तुम्ही दोघं काउंटरवरच अडकलात. वाटेत काय होतं तेही बघा. कायद्याने वाहतूकदाराला खोक्यावर ‘आत बंदूक आहे’ अशी खूण लावायला सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. चोराला बोलावणं कशाला? पण खोकं हरवलं तर 48 तासांत कळवायची जबाबदारी पाठवणाऱ्या विक्रेत्याची, तीही हरवल्याचं त्याला कळल्यापासून. खोकं ज्याच्या गाडीतून गेलं त्याच्यावर हे कळवण्याचं बंधन नाही. माझ्या मते आधी हे बदला.

दुसरं, विक्रीनंतर. गुन्ह्यात बंदूक सापडली की माग असा लागतो: क्रमांकावरून कारखाना, तिथून घाऊक व्यापारी, मग किरकोळ दुकान, त्याची आवकजावक वही आणि शेवटी 4473 वरचं नाव. मग त्याने ती त्याच राज्यात दुसऱ्या खासगी माणसाला विकली असेल, तर संघराज्याचा कायदा कागद मागत नाही. काही राज्यं मागतात, बाकीच्या ठिकाणी माग तिथेच संपतो. बंद पडलेल्या दुकानांचे कागद वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफच्या केंद्रात जातात, पण ग्राहकाच्या नावाने शोध घेता येईल अशी व्यवस्था तिथे ठेवलेली नाही. केंद्रीय नोंदणी होऊ नये म्हणून कायद्याने घातलेलं ते बंधन आहे.

खटका

ते बंधन राहिलंच पाहिजे. यादी बनली की जप्तीची सोय झाली. वाहतूकदारावर कळवण्याची सक्ती करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

नोंदवही

यादीबद्दल माझी मागणी नाही. मुदतीवरच येतो. 2021 मध्ये प्रतिनिधीगृहाने संमत केलेलं विधेयक मधलं होतं. तीनऐवजी दहा कामाचे दिवस, मग ग्राहकाने स्वतः अर्ज करायचा, आणि त्यानंतर आणखी दहा दिवस. सिनेटने ते पुढे नेलं नाही. तुमच्या ‘लांबणीविरुद्ध काय’ला तिथे उत्तर होतं.

खटका

गणित करा. दहा अधिक दहा कामाचे दिवस म्हणजे शनिवार-रविवार धरून कमीत कमी 28 दिवस. एकदा केलेली तपासणी 30 दिवसच ग्राह्य धरतात. मध्ये दोन सार्वजनिक सुट्या आल्या, किंवा दहाव्या दिवशीच अर्ज करायला ग्राहक विसरला, की तपासणी शिळी आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. ती 30 दिवसांची अट आधी वाढवा, मग दहा दिवसांवर बोलायला मी तयार आहे.