मोठा प्लेयर होता म्हणून डायरेक्ट कोच? (खालिद जमीलच्या निमित्ताने)

लेफ्टबॅक_लालबाग

परवा टर्फवर खेळून झाल्यावर बाहेर टपरीवर आमची जुंपली. विषय इंडियाची फुटबॉल टीम, दुसरं काय. ढाक्यात बांगलादेशकडून १-० हरलो ती जखम ताजीच आहे. एक मित्र म्हणाला कोच खालिद जमीलला काढा आणि सुनील छेत्री खेळायचं थांबला की टीम सरळ त्याच्या हातात द्या, इंडियासाठी ९५ गोल मारलेत त्याने, पोरं त्याचंच ऐकतील.

माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. कोचिंग हा वेगळा धंदा आहे आणि त्यात उमेदवारी करावी लागते. खालिदचंच बघा ना. महिंद्रा, एअर इंडियाकडून खेळलेला चांगला मिडफिल्डर, पण दुखापतींनी वाट लावली आणि २००९ मध्ये मुंबई एफसीचा कोच झाला, म्हणजे वय जेमतेम बत्तीस. पुढची सात वर्षं त्या टीमला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, नुसतं तगवून ठेवणं हेच काम. आम्ही स्टँडमधून शिव्या घालायचो, काय हा डिफेन्सिव्ह फुटबॉल म्हणून. मग तो मिझोरमच्या ऐझॉलला गेला, म्हणजे जी टीम आदल्या वर्षी रेलिगेट झालेली, खालच्या लीगमध्ये गेलेली, आणि गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत आत घेतलेली, ती टीम २०१६-१७ ला चॅम्पियन केली पठ्ठ्याने, मोहन बागानच्या एक पॉइंट पुढे. आणि त्याच सीझनला इकडे मुंबई एफसी शेवटच्या नंबरावर येऊन रेलिगेट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की सात वर्षं हा माणूस नक्की काय करत होता.

तर ही सात वर्षं छेत्रीने कुठे काढलीत? इतकाच प्रश्न आहे.

सेंटरफॉरवर्ड९

तो मित्र मीच. चहाचे पैसेही मीच दिलेले, ते लिहायला विसरलास.

आता मुद्द्याचं. खालिद स्वतः प्लेयरच होता ना रे? मग तुझं उदाहरण माझ्याच बाजूने पडलं. आणि उमेदवारी उमेदवारी काय लावलंय, बेकेनबाउअरला १९८४ मध्ये वेस्ट जर्मनीची टीम दिली तेव्हा त्याच्याकडे कोचिंगचं लायसन्सच नव्हतं, म्हणून तर पदाचं नाव बदलून 'टीमशेफ' केलं. १९८६ ला फायनल, १९९० ला वर्ल्डकप. झिदानला रियाल माद्रिद मिळाली आणि लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग. ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या पोराला समोरचा माणूस काय जिंकलाय ते आधी दिसतं, त्याची वही नंतर दिसते.

आणि रिझल्ट? गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२, आशिया कपमधून बाहेर. वर ढाका. उमेदवारीचं लोणचं घाला.

फातोर्डाकर

त्या मॅचला मी स्टेडियमात होतो, १४ ऑक्टोबरला. आपल्या छांगतेने गोल मारला तेव्हा वाटलं झालं आपलं काम. मग हाफ टाइमच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोन्ही गोल त्यांच्या एकाच माणसाने मारले. आमच्या मागच्या रांगेत एक आजोबा होते, साळगावकर क्लबच्या जमान्यापासून बघणारे, ते शेवटची वीस मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसती टोपी काढायचे आणि घालायचे.

पण त्या हाराकिरीचं सगळं बिल खालिदच्या नावावर फाडू नका हो. ऑगस्टमध्ये त्याला टीम मिळाली, क्वालिफायरचे दोन सामने आधीच हातचे गेलेले. त्याच टीमने ऑगस्टच्या शेवटी ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं आणि सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर काढून काफा कपात, म्हणजे मध्य आशियाच्या स्पर्धेत, तिसरा नंबर आणला, ते कोणी लिहीत नाही.

आणि गोव्यात तरी मोठा प्लेयर असेल तरच कोच हे कोणी ऐकून घेणार नाही. आर्मांडो कुलासोने धेंपो क्लबला पाच वेळा देशात पहिलं आणलं. त्यांचं नाव झालं ते कोच म्हणूनच.

लेफ्टबॅक_लालबाग

@सेंटरफॉरवर्ड९ झिदान डायरेक्ट नव्हता रे बाबा. आधी एक वर्ष अँचेलोत्तीच्या हाताखाली असिस्टंट, मग दीडेक वर्षं कास्तिया म्हणजे रियालची बी टीम, थर्ड डिव्हिजन. ती दोन-अडीच वर्षं तू खाऊन टाकलीस.

डायरेक्टवाले, म्हणजे मोठे प्लेयर जे सरळ कोच झाले, ते मी सांगतो. गॅरी नेव्हिल, वॅलेन्सिया, २०१५ चा डिसेंबर. बार्सिलोनाने सात घातले, मार्चमध्ये घरी. ऑन्री मोनॅकोत, २० मॅच. पिर्लो तर कहर, युव्हेंटसने त्याला ज्युनियर टीमचा कोच केला आणि नऊ-दहा दिवसांत मेन टीमवर बढती, बी टीमची एक मॅचही न खेळवता! लागोपाठ नऊ वर्षं लीग जिंकणारी टीम चौथी आली. रूनी बर्मिंगहॅमला गेला तेव्हा टीम सहावी होती, १५ मॅचनंतर विसावी.

बेकेनबाउअर मान्य. पण असे किती?

सेंटरफॉरवर्ड९

पिर्लोने त्याच वर्षी कोपा इटालिया, म्हणजे इटलीचा कप, जिंकला, ते गिळलंस.

आणि रूनीचं डर्बी विसरलास. क्लब दिवाळखोरीत, २१ पॉइंट कापलेले, अर्धी टीम पोरासोरांची, तरी शेवटपर्यंत लढवली त्याने. खाली गेले ते कापलेल्या पॉइंटमुळे. एखादा वहीवाला कोच असता तर पोरं तिसऱ्या आठवड्यात ट्रेनिंगला आली नसती.

पेठेतला_गडी

मुंबईकर, जरा आमच्याकडं कोल्हापूरला या की. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार ह्या तालमींची मॅच लागली की कोच कोण हे कुणी विचारत नाही, सगळं स्टेडियमच कोच असतंय. आमच्या पेठेत जुना खेळाडू तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरं घडवतो, लायसन्स बियसन्स काय नाही, आणि पोरं त्याला भ्यायतीत पण आणि मानत्यात पण. पण खरं सांगू का, त्यातनं पेठेपुरती टीम हुती. त्याच्या पुढं जायला शिस्तीतलं ट्रेनिंगच लागतंय. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, तो लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर. आता ह्यावरनं पेठेत मला कोण चहा पाजणार नाही, पण लिहिलं.

शिट्टी_आणि_कोन

मी कोचिंगचं डी लायसन्स केलंय, शाळेच्या पोरींना शिकवते, म्हणून एक बघितलेलं सांगते.

आमच्या कोर्सला एक माजी खेळाडू होते, संतोष ट्रॉफी खेळलेले, नाव नको. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटांचं सेशन घ्यायचं असतं. चूक दिसली की 'स्टॉप' म्हणायचं, सगळे आहेत तिथे थांबतात, मग चूक दाखवायची आणि तिथूनच खेळ परत सुरू करायचा. ह्यांनी स्टॉप म्हटलं, बॉल पायात घेतला, तिघांना काढून गोल मारला आणि म्हणाले, "असं करायचं." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण. इन्स्ट्रक्टरने विचारलं सर, मुलाचं चुकलं कुठे? तर म्हणे त्याला पुढचं दिसत नाहीये. का दिसत नाहीये? सर गप्प. मुलगा पास घेताना पूर्ण पाठ करून उभा होता, अंग जरा तिरकं ठेवलं असतं तर बॉल आणि मागचा डिफेंडर दोन्ही दिसले असते. इतकंच. सरांना ते शब्दांत सांगताच येईना कारण त्यांना स्वतःला ते कधी कुणी सांगावंच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या मॅचमध्ये एका पोराने पेनल्टी घालवली आणि रडत बसला. आमच्यातले सगळे पाठ केलेलं बोलत होते, कम ऑन, हेड्स अप वगैरे. सर शेजारी चिखलात बसले आणि स्वतःची घालवलेली पेनल्टी सांगितली, कीपर कुठे गेला, परतीच्या ट्रेनमध्ये कोण कोण बोललं नाही, सगळं. पोरगं हसायला लागलं. ते मला ह्या जन्मात जमणार नाही.

सेंटरफॉरवर्ड९

ताई, हेच म्हणतोय मी दोन दिवस.

लेफ्टबॅक_लालबाग

ताई, मीपण हेच म्हणतोय.

जुना_ओव्हल

तुम्ही दोघं मूळ भानगड सोडून भांडताय. आमच्या वेळी मुंबईतला फुटबॉलर म्हणजे एअर इंडिया, ओएनजीसी, बँक, नाहीतर रेल्वे. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिसात जाऊन मस्टरवर सही. गुडघा गेला तरी टेबल शाबूत, पगार चालू. त्यामुळे ज्याला खरंच शिकवायची हौस होती तोच कोच व्हायचा, तेही संध्याकाळी, स्वतःच्या खिशातून वडापाव खाऊन. आता तसं राहिलं नाही. महिंद्राची टीम २०१० ला बंद झाली, बाकीच्या ऑफिस टीमांचीही ती रया गेली. आजच्या पोराला तेहतिसाव्या वर्षी क्लब सांगतो थँक्यू, आणि त्याच्याकडे ना टेबल ना दुसरा धंदा. मग तो कोच होतो. आवडतं म्हणून नाही, दुसरं काही येत नाही म्हणून.

आणि लेफ्टबॅकराव, उमेदवारी करा म्हणायला सोपं आहे. डी, सी, बी, ए, मग प्रो, एवढ्या पायऱ्या, प्रत्येकीच्या मध्ये टीमबरोबर काम केलेलं दाखवायचं, तोवर घर कोणी चालवायचं? छेत्रीला परवडेल. जो लेफ्टबॅक आय-लीगमध्ये पाच वर्षं खेळून संपला त्याला नाही परवडत. कोण जाणे, त्यांच्यात अजून दोन-तीन खालिद असतील.

लेफ्टबॅक_लालबाग

काका, हे डोक्यात आलंच नव्हतं. उमेदवारीला पगार पाहिजे हे बरोबर. क्लबांनी खेळतानाच कोर्स करायला लावले तर? शेवटच्या दोन सीझनला तशीही निम्मी पोरं बेंचवरच असतात.

फातोर्डाकर

बेंचवरचा प्लेयर कोर्सला बसला की कोचला वाटणार हा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे 😄

सेंटरफॉरवर्ड९

रविवारी ७ वाजता टर्फ. लालबाग, तू खेळू नकोस, बाहेर वही घेऊन उभा राहा आणि आम्हाला जिंकवून दाखव. हरलो तर चहा तुझा.

लेफ्टबॅक_लालबाग

येतो. पण तुला बसवणार बेंचवर.