गावाला विचारून पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

मोलगीची:
नमस्कार. मी अक्कलकुवा तालुक्यातली, भिल्ल समाजातली. पीएचडीचा विषय आमच्याच डोंगरातलं जुनं बियाणं आहे: मोर आणि बंटी ही बारीक भरडधान्यं, देशी ज्वारी आणि हे बियाणं राखणाऱ्या बायका. मार्गदर्शक सर चांगले आहेत, पण त्यांनी प्रश्नावली आधीच तयार करून दिली. कोणत्या वाणाचं नाव काय, किती घरांत आहे, वगैरे. आजीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, ‘हे आम्हाला माहीतच आहे. आमचं बी घराघरातून का गेलं, ते शोध.’ पाड्यावरच्या बाकीच्या बायकांचंही हेच म्हणणं. शिवाय काही औषधी झाडं कुठे सापडतात ते छापू नको, असं त्यांनी बजावलंय. प्रश्न त्यांनी ठरवायचे आणि काय छापायचं तेही त्यांनीच, हे प्रबंधात बसतं का? मला तसंच करायचं आहे. आजी नुसती ‘उत्तरदाता क्र. ४’ झालेली मला बघवणार नाही.

तापीकाठ:
ताई, भावना समजते. पण आपल्याच माणसांना निर्णय दिला तर निष्कर्ष तटस्थ कसे राहतील? परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

शहादेकर:
तापीकाठ भाऊ, प्रश्न कोणी ठरवला आणि पुरावा कसा तपासला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न बायकांचा असला तरी बियाण्याची पाहणी आणि नोंदी कडकच ठेवायच्या. आणि बाहेरचा माणूस तटस्थच असतो, हे कोणी ठरवलं? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं, आणि त्यांना न विचारता ते मानसिक आजार, स्थलांतर अशा इतर अभ्यासांनाही वापरलं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, नमुने परत द्यावे लागले.

ताई, तुम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांची २०१७ ची आचारसंहिता जरूर बघा. संशोधकांनी आपल्याकडे कसं यावं, हे त्यांनी स्वतः लिहून काढलंय. आपल्याकडचा केरळच्या काणी समाजाचा दाखलाही वाचा. त्यांनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीवरून ‘जीवनी’ हे औषध निघालं, परवाना शुल्काचा आणि स्वामित्वधनाचा निम्मा वाटा समाजाला देण्याचं ठरलं. जगभर कौतुक झालं, पण सगळ्या काणी वस्त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून समाजातच नाराजी झाली. म्हणून एका पाड्याचा होकार पुरेसा धरू नका.

कामाचं सांगतो. आराखडा पक्का होण्याआधी ग्रामसभेत बोला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा संशोधनाच्या परवानगीबद्दल थेट काही सांगत नाही, पण गावाच्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो, त्यामुळे तिथल्या ठरावाला वजन येतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, ती बघायला मागा. मात्र ठराव झाला तरी प्रत्येक बाईची संमती वेगळी घ्यायची. ज्यांचं ज्ञान आहे त्या बायकांची नावं, त्यांना हवी असतील तर, लेखात सहलेखिका म्हणून यावीत. आभाराच्या पानावर ढकलू नका.

मोलगीची:
धन्यवाद दादा. ध्वनिमुद्रणं कोणाकडे राहतील, हेही ठरावात घालते. आजीला ती गावातच हवीत. वसावी या आमच्या बोलीत बोललेलं आहे, आमच्या पोरांना ऐकता येईल. सरांशी सोमवारी बोलणार आहे. प्रश्नावली बाजूला ठेवून आधी पाड्यावर या, अशी विनंती करेन. एक राहिलं: ग्रामसभेत बायका कमी बोलतात, पुरुषच ठराव करून मोकळे होतात. बियाणं तर बायकांकडे आहे. त्यांची वेगळी बैठक आधी घेऊन ती ठरावात नोंदवता येईल का?

शहादेकर:
जरूर घ्या. पेरणीच्या धांदलीत मात्र नको. बैठकीचं टिपण वसावीत वाचून दाखवा, त्या म्हणतील ते दुरुस्त करा आणि मगच ग्रामसभेपुढे ठेवा.